तिसऱ्या प्रकरणापुढे न सरकणारी कादंबरी

“मॅडम, चार वर्षं झाली. कादंबरीची पहिली तीन प्रकरणं किती वेळा लिहिली ते आता मलाच आठवत नाही. चौथं सुरू करायला बसलो की पहिल्यातली भाषा कच्ची वाटते आणि मी पुन्हा मागे जातो. बायको म्हणते, तुमचा पिंडच आरंभशूराचा. मला एवढंच सांगा, माझ्यात कमी आहे ती कुवतीची की शिस्तीची?”

हे लिहिणारे गृहस्थ पंचेचाळिशीतले. दिवसभर हिशेबाचं काम, रात्री लिखाण. त्यांच्या परवानगीने हे सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र त्यांच्या एकट्याचा नाही. लिहिणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. झोप लागत नाही, चिडचिड होते, नोकरीत मन रमत नाही. दोन-तीन भेटी झाल्या की हळूच सांगतात, घरी एक अर्धवट कादंबरी पडून आहे. आवाज असा खाली येतो, जणू एखादं लफडंच कबूल करताहेत.

कुवत ठरवणं माझं काम नाही, मी समीक्षक नव्हे. राहिली शिस्त. हा माणूस चार वर्षं जवळजवळ रोज टेबलाशी बसत होता. ज्याला शिस्त नसते तो तीच तीन प्रकरणं चार वर्षं लिहीत बसत नाही, दुसऱ्या महिन्यातच वही कपाटात टाकतो. पहिल्या भेटीत मी हे म्हणाले तर ते खूश होण्याऐवजी गोंधळलेच. स्वतःला आळशी म्हणायची सवय लागली की तेही एक सोयीचं उत्तर होऊन बसतं. ते काढून घेतलं की खरं कारण शोधणं भाग पडतं.

शिस्तीचे उपाय त्यांचे करून झाले होते. रोज ३०० शब्द, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे ४० आठवड्यांत ६०,००० शब्द, असा तक्ताच त्यांनी दाखवला. आकडेमोड चोख, माणूसच त्यातला. अँथनी ट्रोलोपही त्यांना पाठ होता. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द पाडायचा. त्याने स्वतःच आत्मचरित्रात हे नोंदवून ठेवलंय. पुढे काय लिहायचं ते ज्याला ठाऊक आहे आणि फक्त वेळ सापडत नाही, त्याने ट्रोलोपचं जरूर ऐकावं. पण ज्याचं घोडं भलतीकडेच पेंड खातंय, त्याला हे उदाहरण नुसतं टोचत राहतं.

पाणी कुठे मुरतंय ते बघायला मी त्यांना तिसऱ्या प्रकरणाच्या सापडतील तेवढ्या जुन्या-नव्या प्रती घेऊन यायला सांगितलं. साहित्य म्हणून वाचायला नव्हे. माणूस बोलत असताना तो नेमका कुठे विषय बदलतो, हे टिपणं हा आमच्या कामाचा निम्मा भाग. कागदावरही ते टिपता येतं.

कादंबरी दोन भावांची. वडील गेलेत, राहतं घर विकायचं की ठेवायचं असा पेच. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दोघे पहिल्यांदा समोरासमोर येतात आणि धाकटा विचारतो, “बाबा घर गहाण टाकताहेत हे तुला आधीपासून माहीत होतं ना?” एका प्रतीत एवढ्यात थोरल्याला फोन येतो आणि तो उठून बाहेर जातो. दुसऱ्या प्रतीत दार वाजतं. तिसऱ्या प्रतीत वीज जाते. एकीत तर विचारणाऱ्या धाकट्यालाच खोकल्याची उबळ येते. जिन्याच्या पायऱ्या, बाहेरचा पाऊस, उंबऱ्याशी काढलेल्या थोरल्याच्या चपला, ही वर्णनं दर खेपेला घोटीव होत गेलेली. खरं सांगायचं तर चपलांचं वर्णन मला फार आवडलं. पण धाकट्याच्या प्रश्नाला उत्तर एकाही प्रतीत नव्हतं.

त्या जागांवर पेन्सिलीने खुणा करून मी पानं त्यांच्यासमोर ओळीने मांडली आणि गप्प बसले. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, परत लावला.

“दर वेळी कोणीतरी मध्ये येतंय,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “दादाने मला कधी उत्तरच दिलं नाही, मॅडम. मग लिहू काय?”

लिखाण अडलं की माणूस सगळ्या कादंबरीवर आणि स्वतःवरही शंका घ्यायला लागतो. माझ्या अनुभवात अडलेलं असतं ते बहुतेकदा एखादंच पान, आणि ते पुढे असतं. तिथे जायची वेळ येऊ नये म्हणून मन मागची प्रकरणं घासत बसतं. या घासण्यात कष्ट खरेच असतात, त्यामुळे आपण काही टाळतोय असा संशयही येत नाही. म्हणून ‘मी कुठे अडलोय’ यापेक्षा ‘कोणता प्रसंग लिहायचा म्हटलं की मला पहिलं प्रकरण आठवतं’ हा प्रश्न जास्त कामाचा. काहींच्या बाबतीत तो प्रसंग मृत्यूचा असतो, काहींच्या बाबतीत शरीरसंबंधाचा. एकींच्या कादंबरीत तो होता नायिकेला राग येण्याचा. त्यांची नायिका शंभरेक पानं नुसती समजूतदार होती.

याला आणखी एक पदर असतो. १९७८ मध्ये बर्ग्लास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. चाचणीत चांगले गुण पडले, पण ते आपल्या हुशारीने की नुसत्या नशिबाने हे ज्यांना कळत नव्हतं, अशांना पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितलं. एक कामगिरी सुधारणारं, एक बिघडवणारं. त्यांतल्या बऱ्याच पुरुषांनी बिघडवणारं निवडलं. आता हरलो तरी दोष औषधाचा! अर्धवट कादंबरी नेमकी हीच सोय करून देते. ती पूर्ण झालेली नसते, त्यामुळे तिला सुमार म्हणायची कोणाची टाप नसते. या गृहस्थांमध्येही ते थोडं होतं, पण दादाच्या मानाने किरकोळ.

मी त्यांना एकच काम दिलं. कादंबरीची फाइल उघडायचीच नाही. सुट्या कागदावर, हाताने, फक्त तो प्रसंग लिहायचा. रोज पंधरा-वीस मिनिटं, सलग चार दिवस. अट एकच: खोलीतून कोणी बाहेर जायचं नाही, बाहेरून कोणी आत यायचं नाही. फोन बंद, वीज चालू. यावर ते पहिल्यांदा हसले.

पंधरा मिनिटं आणि चार दिवस हे आकडे मी हवेतून काढले नव्हते. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ मधल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक अनुभवाबद्दल असंच लिहिलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचं पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी झालं. पण त्यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जड झालं होतं. म्हणून मी त्यांना आधीच बजावलं, की त्या आठवड्यात तुम्ही खिन्न असाल, घरी सांगून ठेवा, आणि लिहून झाल्या झाल्या झोपायला जाऊ नका.

पुढच्या वेळी ते कागद घेऊन आले, पण थोरला त्या कागदांवरही मुकाच होता. धाकटाच पानंच्या पानं बोलत होता. तेव्हा मी खोलीतली दुसरी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स यांच्यामुळे माहीत झालेलं रिकाम्या खुर्चीचं हे तंत्र आम्ही समुपदेशक बरेचदा वापरतो. समोरच्या खुर्चीत ती व्यक्ती बसली आहे असं समजून बोलायचं आणि मग स्वतः त्या खुर्चीत बसून तिच्या वतीने उत्तर द्यायचं. मी फक्त एक बदल केला. खऱ्या दादाला मी बोलावलंच नाही, कादंबरीतल्या थोरल्याला बोलावलं.

ते त्या खुर्चीत जाऊन बसले, थोडे अवघडून. धाकट्याचा प्रश्न मी वाचला. काही क्षण गेले आणि ते म्हणाले, “होतं माहीत. तुला सांगितलं असतं तर तू बाबांशी भांडला असतास. आणि त्यांच्याकडे तेवढे दिवस नव्हते.”

मग दचकून माझ्याकडे बघत म्हणाले, “हे मला ठाऊक नव्हतं.”

इथे सावध राहावं लागतं. खरे दादा असंच म्हणाले असते याला काहीही आधार नाही, आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. हे वाक्य कादंबरीतल्या थोरल्याचं. भावाशी असलेलं भांडण त्याने मिटत नाही, फार तर त्यांच्याशी बोलायची इच्छा होईल. झाली तर तो वेगळा विषय, त्यासाठी वेगळ्या भेटी. पण कादंबरीला हवं होतं ते तिला मिळालं. खरं काय घडलं हे कळल्याशिवाय लिहिता येणार नाही, ही त्यांची समजूत त्या दिवशी सुटली. आठवणींवरून लिहिणारे बरेच जण याच समजुतीपायी खोळंबलेले असतात.

घरी करायला मी आणखी एक गोष्ट दिली. जे दादांमध्ये नाही आणि थोरल्यात आहे, असं काहीतरी रोज एक लिहायचं. ‘त्याला पाण्याची भीती वाटते.’ ‘तो उधारी वहीत लिहून ठेवतो आणि कधीच मागत नाही.’ ‘तो डावखुरा आहे.’ आठवडाभरात थोरला दादांपासून एवढा लांब गेला की त्याच्या तोंडी दादांचं बोलणं शोभेना. पात्र खऱ्या माणसापासून सोडवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

त्यानंतर चौथं प्रकरण सुरू झालं, आणि पाठोपाठ तक्रारही आली. “लिहितोय, पण भाषा भिकार आहे. हेमिंग्वेने बघा, एकेक पान ३९ वेळा लिहिलं.” पुन्हापुन्हा लिहिण्याच्या समर्थनासाठी हेमिंग्वे या अमेरिकन कादंबरीकाराचं नाव फार वापरलं जातं. १९२९ मध्ये आलेल्या आपल्या कादंबरीबद्दल त्याने एका मुलाखतीत ते सांगितलं होतं हे खरं. पण ते पान शेवटचं होतं. ३९ वेळा शेवटचं पान लिहायचं तर आधी तिथपर्यंत पोहोचावं लागतं! भाषेची खोड काढायचीच असेल तर समासात एक फुली मारा आणि पुढची ओळ लिहा, मागे फिरू नका, एवढं मी सांगितलं. फुल्यांचं पथ्य ते पाळताहेत, कुरकुरत का होईना.

बाकीच्या शंका छोट्या होत्या. वय झालं का? इंग्रज लेखिका पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ मध्ये आली तेव्हा त्या साठीच्या होत्या, आणि दोन वर्षांनी त्यांना बुकर मिळालं. कादंबरी लिहितोय हे सगळ्यांना सांगावं का? नको. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या प्रयोगांत असं दिसलं की ‘मी अमुक होणार’ हा संकल्प दुसऱ्याने ऐकून दखल घेतली की माणूस त्यासाठी पुढे कमी खपतो. कौतुकाचा हप्ता आगाऊ मिळून जातो ना! बायकोशी मात्र त्यांनी उघड बोलून घेतलं. ‘कुठवर आली?’ असं विचारायचं नाही, विचारायचंच तर ‘आज बसलात का?’ एवढंच. आता त्या तेही विचारत नाहीत म्हणे.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक लिहिणाऱ्याला विचारते. फक्त लिखाणच थांबलंय, की भूक, झोप, माणसांत मिसळणं, आवडीच्या सगळ्याच गोष्टी थांबल्यात? दोन आठवड्यांहून जास्त दिवस सगळंच फिकं वाटत असेल तर कादंबरी बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ट्रोलोपचं घड्याळ तिथे काही कामाचं नाही.

“दादाने वाचलं तर?” हा प्रश्न अजून आहेच. माझं म्हणणं असं, की लिहिणं आणि छापणं हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि दुसरा घ्यायची वेळ अजून आलेली नाही. ती येईल तेव्हा ‘सर्व पात्रे काल्पनिक’ या ओळीवर विसंबून चालणार नाही. जिवंत माणूस ओळखू येत असेल आणि त्याची बदनामी होत असेल तर ती ओळ पुरेशी ढाल ठरेलच असं नाही, तेव्हा छापण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. पण दादाच्या भीतीने आत्ताच हात आखडला तर वकिलाला दाखवायलाही काही उरणार नाही.

सध्या मसुदा अकराव्या प्रकरणात आहे. पहिला वाचक कोण असावा यावर मागच्या भेटीत आमची चर्चा झाली. दादा नको, बायको नको, कौतुक करणारा मित्र तर नकोच. त्यांच्या ऑफिसातल्या एक वयस्क बाई खूप वाचतात आणि घरच्या कोणालाच ओळखत नाहीत, त्यांना द्यायचं ठरलंय. ‘कशी वाटली?’ असं विचारायचं नाही. जिथे वाचताना लक्ष उडालं तिथे कडेला रेघ मारा, एवढंच सांगायचं.