अहवालातली कुठली ओळ कोणाची?

प्रश्न: आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगी १५ वर्षांची, यंदा दहावीला. मे महिन्यात मुंबईला नेऊन तपासणी केली, ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. ११ पानी रिपोर्टात माझं बाळंतपणानंतरचं नैराश्य, दिरांचे मानसोपचार, घरातली भांडणं, सगळं लिहिलंय. परीक्षेच्या सवलतीसाठी शाळेने त्याची झेरॉक्स मागितली आहे. मिस्टर म्हणतात, सवलत नको पण घरातलं बाहेर नको. सासूबाई म्हणतात, "लोकांका कळला तर चेडवाचा लगीन कसा होतला?" लेकीने रिपोर्ट गुपचूप वाचलाय आणि तिला मैत्रिणीला सांगायचंय. काय करू?

ताई, रिपोर्ट शाळेत देऊ नका आणि सवलतही सोडू नका. जादा वेळ, लेखनिक हे तिच्या हक्काचं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे. सवलतीला निदानाचा पुरावा लागतो, तुमच्या घराचा इतिहास नाही. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज करून सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर निदान आणि टक्केवारी असते, दिरांचं काही नसतं. तिथल्या डॉक्टरांना मूळ रिपोर्ट जरूर दाखवा, तो डॉक्टरांनी वाचण्यासाठीच लिहिलेला असतो. शिवाय मुंबईच्या डॉक्टरांकडून शाळेसाठी एक पानी पत्र मागा: निदान काय आणि वर्गात, परीक्षेत काय लागेल, एवढंच. शाळा तरीही पूर्ण रिपोर्टावर अडली, तर मंडळाने नेमका कुठला कागद मागितलाय ते मुख्याध्यापकांना दाखवायला सांगा. नको त्या ओळींवर पेन फिरवून झेरॉक्स मात्र देऊ नका. काळी केलेली ओळ लोक उजेडात धरून वाचतात.

आणखी एक. स्टँडसमोरच्या दुकानात प्रिंट काढायला आपण फाईल सरळ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि ती तिथेच राहते. हे करू नका.

नैराश्याच्या ओळीची तुम्हाला लाज वाटते, हे पत्रभर जाणवलं. आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होतो, असं एके काळी डॉक्टरसुद्धा मानत. ते केव्हाच खोटं ठरलंय. ऑटिझमची सुरुवात मेंदूच्या जडणघडणीत, अगदी लहानपणी होते, आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो, म्हणून डॉक्टर बाळंतपणापासून काकांपर्यंत सगळं विचारतात. तो तुमच्यावरचा ठपका नाही.

पण त्या रिपोर्टातली प्रत्येक ओळ एकाच माणसाची नाही. नैराश्य तुमचं, उपचार दिरांचे. ते कोणाला सांगायचे हे त्यांनी ठरवायचं; आपलं नाव त्यात आहे हे तरी त्यांना माहीत आहे का? ते गावी आले की शांतपणे सांगा. ऑटिझम हा शब्द मात्र लेकीचा आहे. तो मैत्रिणीला सांगायचा की नाही, हे ना सासूबाई ठरवणार, ना तुम्ही. लग्नाच्या काळजीपायी १५ वर्षांच्या पोरीला स्वतःबद्दल गप्प बसायला लावलं, तर आपल्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे, एवढंच ती शिकेल. सासूबाईंची भीती खरी आहे, वाडीत राहायचं त्यांनाही आहे. पण त्या भीतीची किंमत नातीने का मोजावी?

लेकीशी बोलताना मोघम बोलू नका. "घरातलं बाहेर सांगू नये" म्हटलंत, तर ती एकतर सगळंच गिळून टाकेल किंवा घरातलं म्हणजे नेमकं काय हे तिला कळणारच नाही. रिपोर्ट समोर ठेवून बोट दाखवा: ही ओळ काकांची, ही माझी, या दोन्ही सांगायच्या नाहीत, ही तुझी, तुला वाटलं तर सांग. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, हेही स्पष्ट सांगा. मैत्रीण दुसऱ्या कोणाला बोलली तर काय करायचं, ते दोघींनी आधीच ठरवा. गुपचूप वाचल्याबद्दल रागावू नका. खरं तर तो तिला आधी तुमच्याकडूनच मिळायला हवा होता, आणि हे तिच्याजवळ कबूल करा.

वर्गशिक्षिकांना काय कळावं, हेही तिलाच विचारा. घंटेचा आवाज सहन होत नाही, अचानक फळ्यापाशी बोलावलं की शब्द फुटत नाहीत, असं जे असेल ते तिला तिच्याच अक्षरात लिहू द्या. डॉक्टरांच्या पत्रासोबत तो कागदही द्या, पण तिला विचारून.