मुलाला क्लबमध्ये घालण्याआधी नेमकं काय बघावं?

तुमचा मुलगा 10 वर्षांचा, फुटबॉल क्लबात नाव घालायचंय, आणि तुम्ही लिहिलंय की सर फार प्रेमळ आहेत, मुलांना स्वतःच्या गाडीने घरी सोडतात. मला अडलं ते नेमकं तिथेच.

माझी मुलगी सहा वर्षं पोहायला जातेय. सुरुवातीला मी फक्त टँकची खोली आणि जीवरक्षक किती, एवढंच बघितलं. तेही बघावंच. पण सर प्रेमळ असणं ही काही तपासणी नव्हे. इंग्लंडमध्ये क्रू अलेक्झांड्रा या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक बॅरी बेनेल गुणी मुलं हेरण्यात नावाजलेला होता. मुलं त्याच्या घरी मुक्कामाला राहायची, पालक विश्वासाने पाठवायचे, आणि तो त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करायचा. 2016 मध्ये अँडी वुडवर्ड हा माजी खेळाडू त्याबद्दल स्वतःच्या नावानिशी बोलला, मग इतरांनाही कंठ फुटला. आणि 'मी तिथेच बसून असतो' हेही पुरत नाही. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर कधीकधी आई खोलीत असतानाच अत्याचार करायचा. तिला दिसणार नाही असा आडवा उभा राहायचा.

म्हणून माणूस जोखत बसू नका, क्लबचा नियम विचारा. एक मोठा माणूस आणि एक मूल, बंद दाराआड किंवा गाडीत, कधीच नाही. मेसेज पालकांच्या ग्रुपवरच. बाहेरगावच्या स्पर्धेला कोण कुणाच्या खोलीत झोपणार, ते निघण्याआधी कागदावर. नीट सर असतील तर त्यांना बरंच वाटेल, कारण खोट्या आळापासून तेही वाचतात.

आमच्याकडे एक सर रात्री मुलीच्या मोबाइलवर मेसेज करायचे. आक्षेपार्ह काही नव्हतं. 'मलाही त्यात घ्या' म्हटल्यावर मात्र भडकले, 'वीस वर्षं शिकवतोय' म्हणाले. मला ओशाळल्यासारखं झालं. त्या रात्री दोन आयांचे फोन आले, त्यांनाही हेच खटकत होतं. पुढच्या महिन्यात आम्ही टँक बदलला.

पहिल्या दिवशी आपण सगळेच मुलाला बजावतो, 'सरांचं सगळं ऐकायचं.' ते वाक्य गाळा. खेळातलं ऐक, पण 'घरी सांगू नकोस' असं कुणीही म्हणालं, की ते आधी घरी सांग, एवढं त्याला सांगून ठेवा.

देव न करो, पण काही कळलंच तर 'क्लबातल्या क्लबात मिटवू' याला भुलू नका. पोक्सो कायद्याने (2012) 18 वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार कळूनही पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचं कृत्य दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला चौकीत बसवून ठेवतील ही भीतीही नको. जबाब घरी घेता येतो, आणि तो घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असं कायद्यातच आहे. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलाकडून पाठ करून घ्या.

आणि गाडीचं म्हणाल, तर त्याच भागातले दोन-तीन पालक मिळून रिक्षा ठरवा. आम्ही तेच केलंय.