पाय कापावा लागलेल्या काही जवानांच्या वेदना वर्षानुवर्षं का टिकतात?

तुम्ही लिहिलंय की भाऊ फौजेत होता, सुरुंगाच्या स्फोटात गुडघ्याखालून पाय गेला. जखम भरून वर्ष झालं, तरी गेलेल्या पायाची बोटं मुरगळल्यासारखी दुखतात आणि घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात. मी नाशिकरोडला फिजिओथेरपिस्ट आहे. देवळाली कॅम्प, भगूरकडचे निवृत्त जवान माझ्याकडे येतात. घरच्यांना आधी हे सांगा, की पाय किंवा हात कापलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना असं दुखतं. मेंदूत त्या पायाची जागा शाबूत असते आणि कापलेल्या नसा तिकडे वेदनेचे संदेश पाठवत राहतात.

दुखणं कुणाचं टिकतं? पाय कापण्याआधी आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ज्याची वेदना तीव्र होती आणि नीट आटोक्यात आली नव्हती, त्याला धोका जास्त. मज्जारज्जू हळवा होऊन बसतो आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून वर कळवतो. जवानाचं नुकसान इथेच होतं. दुखतंय का विचारलं, की ‘ठीक है, साब’. सोसण्याचं हे वळण सीमेवर कामाला येतं, पण वॉर्डात ते घातक ठरतं. मला याचं फार वाईट वाटतं.

स्फोटाची जखमही वेगळी असते. माती, धातू, कपड्याच्या चिंध्या आत घुसतात, संसर्ग होतो, पुन्हा पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. स्फोटाने पाय गेलेल्यांत स्टंपच्या, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागाच्या, मांसात नको तिथे हाड वाढण्याचं प्रमाणही बरंच असतं. दोन्ही पाय गेले असतील किंवा कापणं गुडघ्याच्या वर असेल, तर त्रास वाढू शकतो.

नैराश्य, उडालेली झोप, स्फोटाची स्वप्नं, ‘हे आता कधीच थांबणार नाही’ ही धास्ती, यांनीही वेदना टिकते. ती मनातून उपजते असं नाही. मन खचलं की वेदना दाबण्याची मेंदूची ताकद कमी पडते. म्हणून मानसोपचार हा याच उपचाराचा भाग समजा.

आता स्टंप तपासून घ्या. मी बोटाने हळूहळू ठोकत जाते. एका जागी माणूस दचकतो, ‘करंट गेला, थेट अंगठ्यात!’ तिथे बहुधा न्यूरोमा असतो, म्हणजे कापलेल्या नसेच्या टोकाला आलेली गाठ. त्यावर इंजेक्शन आहे, शस्त्रक्रियाही आहे. सॉकेटही बघा, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंपवर बसणारी वाटी. वर्षभरात स्टंप आकसतो, सॉकेट सैल पडतं आणि एकाच जागी घासत राहतं. स्टंप लाल, गरम झाला किंवा पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आरशाचा व्यायामही करून बघा. दोन पायांच्या मध्ये लांब आरसा उभा धरायचा, चांगला पाय हलवायचा आणि प्रतिबिंबात दोन्ही पाय हलताना पाहायचे. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात रोज 15 मिनिटं असं करणाऱ्यांचं दुखणं कमी झालं होतं. काहींना सुरुवातीला गरगरतं किंवा रडू येतं, म्हणून पहिल्या वेळी कुणीतरी जवळ बसा. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारख्या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या काहींना लागू पडतात. सुरू असतील तर मनानेच एकदम बंद करू नका.

भावाकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल, तर तिथल्या डॉक्टरांकडे पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरसाठी रेफरल मागा. 1944 पासून हे केंद्र जवानांच्या कृत्रिम अवयवांचंच काम करतंय. जाताना भावाला आठवडाभर लिहून ठेवायला सांगा: कधी दुखलं, किती वेळ, तेव्हा कृत्रिम पाय घातला होता की काढला होता.