‘तेव्हा आपण कोणाच्या बाजूनं होतो?’

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझी मुलगी पाचवीत आहे. शाळेत सध्या अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू आहे. परवा तिनं विचारलं, “आई, तेव्हा आपण कोणाच्या बाजूनं होतो?” मला काही सांगता आलं नाही. त्यातच रविवारच्या मराठी शाळेत सात ते दहा वर्षांच्या मुलांचा याच विषयावरचा एक तास माझ्याकडे आला आहे. मी शिक्षिका नाही. लढाई, गुलामगिरी एवढ्या लहान मुलांना कशी सांगायची आणि किती?
– एक आई, एडिसन

उत्तर : तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. त्याचं उत्तर आहे, पण त्याकडे मागाहून येते. आधी तासाचं बघू.

मी सातारा जिल्ह्यात एकोणीस वर्षं चौथीला शिकवलं. आपल्याकडे चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती, त्यामुळे गोष्ट रंगवून सांगायची सवय होती. लेकीकडे ट्रेंटनजवळ राहायला आले आणि इथल्या मराठी शाळेत हा विषय पहिल्यांदा घेतला, तोही तसाच रंगवून. तास संपला तेव्हा मुलं “ब्रिटिश वाईट, ब्रिटिश वाईट” करत बाहेर पडली. त्यांना दुसरं काहीच कळलं नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता मी पेढ्यांचा डबा घेऊन जाते. प्रत्येकाला दोन पेढे देते आणि सांगते, “यातला अर्धा माझ्या डब्यात परत टाका.” गलका होतो. “का म्हणून? आम्हाला कुठं विचारलंत?” तो होऊ द्यायचा. मग म्हणते, “बरं, आता तीन देते. पण अर्धा मलाच द्यायचा आणि किती घ्यायचा तेही मीच ठरवणार.” इथं वर्ग एकदम गप्प होतो. फायदा तर आहे, तरी काहीतरी खुपतंय. गेल्या वर्षी एका मुलीनं तिन्ही पेढे डब्यात परत ठेवले. शेजारच्या मुलानं खाल्ले आणि म्हणाला, “आजी नेहमी देतात, मग अर्ध्यासाठी कशाला भांडायचं?” कोण बरोबर ते मी सांगितलं नाही. दोघांकडूनही कारण मात्र नीट वदवून घेतलं.

त्यानंतरच बॉस्टनची गोष्ट. १६ डिसेंबर १७७३च्या रात्री तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या लोकांनी बंदरात ओतल्या. पुष्कळांना वाटतं चहा महागला म्हणून. खरं तर त्या वर्षीच्या कायद्यानं तो स्वस्त होणार होता, फक्त पौंडभर चहामागे तीन पेन्सचा कर तसाच राहिला होता. तो कर बसवणाऱ्या लंडनच्या पार्लमेंटमध्ये ब्रिटनच्या ताब्यातल्या या अमेरिकन वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. तिसरा पेढा हातात धरून बसलेल्या मुलाला हे लगेच समजतं.

ब्रिटनच्या राजाच्या बाजूनं राहिलेल्या लोकांबद्दल बोलताना पर्थ अँबॉयची गोष्ट सांगा, ते तुमच्या अगदी जवळ आहे. शंभर डॉलरच्या नोटेवरचे बेंजामिन फ्रँकलिन बंडाच्या पुढाऱ्यांपैकी, आणि त्यांचा मुलगा विल्यम राजानं नेमलेला न्यू जर्सीचा गव्हर्नर. विल्यम राजाशी एकनिष्ठ राहिला, १७७६मध्ये पर्थ अँबॉयला त्याला पकडून कैदेत टाकलं. बापलेकाचं मग कधी मनापासून जुळलं नाही. विल्यमचं तिथलं घर अजून उभं आहे. मुलांना सेनापतींपेक्षा ही ताटातूट जास्त लक्षात राहते.

रक्तपाताचं वर्णन नको. पण युद्ध म्हणजे झेंडे आणि ढोल असंही वाटू देऊ नका. या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगराईनं जास्त सैनिक गेले. १७७७च्या हिवाळ्यात मॉरिसटाउनच्या छावणीत बंडखोरांचा सेनापती वॉशिंग्टन यानं सैनिकांना देवी टोचून घ्यायला लावल्या. दंडावर छोटी चीर पाडून त्यात देवीच्या फोडातला पू घालायचे. मुलं तोंडं वेडीवाकडी करतात, पण पुढं कान देऊन ऐकतात.

गुलामगिरीबाबत मात्र एक गोष्ट हात जोडून सांगते. कुठल्याही मुलाला गुलामाचं किंवा मालकाचं सोंग देऊ नका. लिलावाचा खेळ तर मुळीच नको. त्यातून समज येत नाही, कुणाच्या तरी मनाला इजा मात्र होते. त्याऐवजी टायटसची गोष्ट सांगा. मॉनमथ परगण्यातला गुलाम, विशीतला तरुण. बंडखोर मालकाला सोडून जो आमच्याकडून लढेल तो मोकळा, असा जाहीरनामा व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरनं नोव्हेंबर १७७५मध्ये काढला. त्याच महिन्यात टायटस पळाला. पुढं ‘कर्नल टाय’ या नावानं त्याच मॉनमथ परगण्यात त्यानं छापे घातले आणि १७८०मध्ये जखम चिघळून तो गेला. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या विरुद्ध स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला माणूस! ‘सर्व माणसं समान’ असं अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिलं गेलं, पण न्यू जर्सीनं गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला १८०४मध्ये, तोही हळूहळू लागू होणारा. आठ वर्षांची मुलं हे ऐकून विचारतात, “मग जाहीरनाम्यात खोटं लिहिलं?” त्यांना गप्प करू नका. काय बदललं असतं तर ते खरं ठरलं असतं, हे त्यांनाच विचारा.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. तिला जगाचा नकाशा द्या आणि बॉस्टनच्या बंदरातला चहा कोणाचा होता ते सांगा. चहा चीनचा आणि मालक ईस्ट इंडिया कंपनी, आपल्या मुंबईत वखार असलेली तीच कंपनी! मार्च १७७५मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि एप्रिलमध्ये इकडे अमेरिकेत लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. जानेवारी १७७९मध्ये तळेगावजवळ वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला कोंडून तह करायला लावला, तेव्हा अमेरिकेतलं युद्ध ऐन भरात होतं. आपण कुणाच्या बाजूनं गेलो नव्हतो. त्याच इंग्रजांशी आपण आपल्या मुलखात लढत होतो.

आणि ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसची गोष्ट तिला नक्की आवडेल. ऑक्टोबर १७८१मध्ये यॉर्कटाउनला त्यानं शरणागती पत्करली, पण आजारी आहे असं कळवून तलवार द्यायला दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. पाच वर्षांनी हाच माणूस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला आणि टिपूविरुद्ध मराठ्यांचा दोस्त झाला. म्हणजे पुढं काही काळ आपण त्याच्या बाजूनंही होतो. हेही तिला सांगा, लपवू नका.

जमलं तर थंडीत एकदा वॉशिंग्टन क्रॉसिंगला न्या. २५ डिसेंबर १७७६च्या रात्री बर्फातून डेलावेअर नदी ओलांडून वॉशिंग्टनची फौज ट्रेंटनवर गेली, ती जागा. काठावर पाच मिनिटं काही न बोलता उभं राहू द्या. कानटोप्या मात्र विसरू नका, नदीवरचा वारा फार बोचतो.