व्हेनेझुएलात माल पाठवायचा तर आधी काय तपासावं?

नुसते तेलसाठे बघून भुलू नका. ३०० अब्ज पिंपांहून अधिक, म्हणजे जगात सर्वात मोठे साठे असूनही १९९०च्या दशकाअखेरीस रोजचं ३० लाख पिंपांवर असलेलं उत्पादन २०२० मध्ये ५-६ लाखांपर्यंत घसरलं. तिथल्या ओरिनोको नदीकाठच्या पट्ट्यातलं तेल डांबरासारखं घट्ट असतं. ते पातळ करायला नाफ्था (तेलापासूनच बनणारा हलका, पातळ द्रव) आयात करावा लागतो, त्यामुळे अमेरिकेचे निर्बंध आले की विक्रीबरोबर उत्पादनही अडतं. आणि डॉलर येतात ते मुख्यतः तेलातूनच!

माझ्या मते खरा प्रश्न एकच: पैसे हातात येतील का? तिथल्या सान क्रिस्तोबाल तेलक्षेत्रात आपल्या ओएनजीसी विदेशचा ४० टक्के वाटा, पण भारत सरकारची कंपनी असूनही तिचा लाभांश वर्षानुवर्षं अडकला. तिथल्या चलनातली तर २००८, २०१८ आणि २०२१ मिळून १४ शून्यं उडवली गेली. म्हणून व्यवहार डॉलरमध्ये करा, आगाऊ रक्कम घ्या, उधारी अजिबात नको.

२०१२ मध्ये हा देश जागतिक बँकेच्या गुंतवणूक-तंटा निवारण करारातून बाहेर पडला. तेव्हा तंटा झाल्यास निवाडा करणारा लवाद कुठे बसेल ते करारातच लिहून घ्या. अमेरिकी निर्बंधांचे नियम सतत बदलतात, त्यामुळे प्रत्येक खेपेआधी आपल्या बँकेला विचारा.