बंडूचा फोटो काढायला जाशील तेव्हा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणीच्या रॉटवायलर कुत्र्याचे, बंडूचे, तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. घरात आजीच्या पायाशी डोकं टेकून झोपणारा बंडू तुझ्या फोटोंत अंगावर आल्यासारखा दिसतो, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण त्यात बंडूचा काही दोष नाही. मोबाइल त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर धरलास, तिथेच गणित चुकलं.

मोबाइलची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या तोडीची, म्हणजे चांगलीच वाइड, रुंद दृश्य घेणारी. एवढ्या जवळून जे पुढे असतं ते फुगतं आणि मागचं आक्रसतं. कुत्र्याचं सगळ्यात पुढे असतं ते मुस्कट. म्हणून नाक-जबडा अवाढव्य आणि डोळे बारीक झालेत. दोन-अडीच मीटर मागे सरक, मग झूम कर. कॅमेरा मिळाला तर 85 किंवा 135 मिमीची लेन्स लाव. चेहऱ्याची ठेवण अंतरामुळे बदलते, हे एकदा स्वतः करून बघ. डोक्यात पक्कं बसेल.

मागे सरकलीस की बंडूलाही बरं वाटेल. कुत्र्यांमध्ये समोरून रोखून बघणं म्हणजे आव्हान, आणि लेन्स म्हणजे कधीच न मिटणारा मोठा डोळा. तो मान फिरवायला लागला, झोप आलेली नसताना जांभया द्यायला लागला, खाऊ नसताना ओठ चाटायला लागला, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागलं, तर तो अवघडलाय. तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचा. 'एकच घेते' म्हणायचं नाही. स्वभावाने गरीब कुत्रासुद्धा कोपऱ्यात सापडला की स्वतःला वाचवणारच. मैत्रीण सतत जवळ हवी, आणि त्याच्या अंगावर वाकून फोटो घेऊ नकोस. पहिल्या दिवशी तर कॅमेरा बॅगेतच राहू दे. त्याच्याकडे जरा पाठ करून जमिनीवर बस. वास घ्यायला तो आपणहून येईल.

आता उजेड. काळ्या कुत्र्याचा खरा प्रश्न हाच. घराच्या उघड्या दारात, उन्हाची तिरीप पोचत नाही अशा जागी, त्याला बाहेर तोंड करून बसव आणि तू बाहेरच्या बाजूने फोटो घे. मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड केसांवरून सरकतो, तेव्हा छाती, खांदा, गालफड वेगवेगळं कळायला लागतं. आणि बघ, त्याच्या गडद तपकिरी डोळ्यांत दाराच्या चौकटीएवढा उजेडाचा ठिपका उतरेल. तो ठिपका नसला तर त्या काळ्या चेहऱ्यात डोळ्यांच्या जागी नुसती खोबण दिसते, आणि बघणारा घाबरतो तो त्या खोबणीला. रॉटवायलरच्या दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपके असतात, ते तू अजून नीट पाहिले नसावेस. मैत्रिणीने हाक मारली की ते भुवयांसारखे वर जातात. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा भाव तिथे आहे, त्या क्षणाची वाट बघ.

कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या रंगावर आणू बघतो. फ्रेम बंडूनेच भरली असेल तर त्याचा काळा रंग राखाडी होतो; एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप कमी कर (एक स्टॉप म्हणजे निम्मा). मागे चुन्याची पांढरी भिंत असेल तर उलट, तो नुसता काळा डाग होईल, तेव्हा वाढव. फ्लॅश नको. दचकतो तर दचकतोच, शिवाय डोळे हिरवे चमकतात. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, एफ/4च्या आसपास ठेव, फोकस डोळ्यावर.

सकाळी फिरून आल्यावर तोंड उघडं, जीभ बाहेर, गाल सैल असतात; लोक त्यालाच हसणं म्हणतात. ती वेळ चांगली. मात्र उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत आटप. जीभ फार लांब, रुंद होऊन धाप थांबेना, तर पाणी, सावली आणि सुट्टी.

गळ्यातला खिळ्यांचा पट्टा काढून साधा कापडी पट्टा घालायला सांग. टोपी आणि गॉगल मात्र घालायचे नाहीत. भीती घालवायला त्याला हास्यास्पद करणं मला पटत नाही. तो पन्नास किलोंच्या घरातला ताकदवान प्राणी आहे, ते झाकूही नकोस. न्यूयॉर्कमध्ये 1974 साली छायाचित्रकार एलियट एरविट यांनी काढलेला एक फोटो शोधून बघ. टोपी घातलेला इवलासा चिवावा कुत्रा, शेजारी बाईचे बूट, आणि ग्रेट डेन या थोराड कुत्र्याचे फक्त पुढचे दोन पाय. कॅमेरा त्या छोट्याच्या उंचीवर आहे, म्हणून मोठ्याचं मोठेपण न घाबरवता दिसतं. तू असंच काहीतरी कर: बंडू माणसाच्या पायावर अंगाचा सगळा भार टाकून रेलतो ना, तिथे आजीच्या लुगड्याचा काठ, तिचं पाऊल आणि त्याचं भलंमोठं डोकं, एवढंच घे.

मैत्रिणीला हे फोटो का हवेत, तेही लक्षात ठेव. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या 23 जातींची विक्री आणि पैदास थांबवायला राज्यांना सांगितलं, त्यात रॉटवायलर होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण ती यादी सोसायट्यांमध्ये अजून ऐकवली जाते. लिफ्टमध्ये रोज आक्रसून उभं राहावं लागतं ते तिला. म्हणून फोटो निवडायला तिलाच बसव. तुला जो सरस वाटेल त्यात बंडू तिचा वाटत नसेल, तर तो बाजूला ठेव.

प्रिंट काढताना सावल्या थोड्या उचल. कागदावर काळा रंग स्क्रीनपेक्षा दाट उतरतो. आधी एक छोटा मॅट प्रिंट काढून बघ. आणि या वेळी निवडक नकोत, फसलेले धरून सगळे फोटो मला पाठव.

तुझे,
सर