आधी शिंग चिकटवा

(नागपूरच्या महाल भागातल्या एका आईचं पत्र: ‘तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात त्या दिवशी, माझ्या सहा वर्षांच्या मुलाने शेजारच्या पोराच्या नंदीचं शिंग मोडलं. मी सगळ्यांसमोर थापड मारली, सॉरी म्हणायला लावलं. आठ दिवस झाले, तो खाली खेळायलाच जात नाही. सासूबाई म्हणतात, मुलगाच आहे, विसरेल.’)

ताई,

तुम्ही ओघात लिहून गेलात की त्या पोराचा नंदी मोठा, चाकांचा, आणि बोजारा, म्हणजे मुलांच्या हातावरचा खाऊ-पैसा, देताना जो तो त्याचंच कौतुक करत होता. मी तिथेच अडकले. तुमचा लेक आपला वीतभर नंदी घेऊन घरोघरी मागे उभा राहिला असणार. मग शिंग मोडलं. चूकच ती. पण पोटात जे ढवळत होतं त्याला हेवा म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलं होतं? राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. हा तर पहिलीतला.

सासूबाईंचं ‘विसरेल’ मला पटत नाही. ‘मुलगाच आहे’ तर त्याहून नाही.

आधी थापडीबद्दल तुम्ही त्याची माफी मागा. ‘पण तूही...’ हे शेपूट न जोडता. मग रात्री दिवा मालवल्यावर विचारा, ‘सगळे त्याच्याच नंदीला छान म्हणत होते, तुला कसंतरी झालं का रे?’ आणि गप्प बसा. गप्प बसणंच आपल्याला जमत नाही, मलाही नाही. त्या रात्री तो बोलणार नाही कदाचित. दोन दिवसांनी भलत्याच वेळी, चड्डी घालताना वगैरे, बोलेल.

तुमच्या भागात मारबतीची, म्हणजे गावातली इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीची, आरोळी त्याने ऐकली असेलच. गच्चीवर नेऊन ओरडू द्या, ‘राग घेऊन जा गे मारबत!’ तुम्हीही तुमचं काहीतरी धाडा तिच्यासोबत.

सॉरी तेव्हा मोठ्यांसाठी होतं. आता शेजारणीकडून तो नंदी मागून आणा. फेव्हिकॉल लेकाने लावायचा, शिंग तुम्ही धरायचं, दोरा गुंडाळून रात्रभर ठेवायचं. परत द्यायला त्यानेच जायचं, तुम्ही जिन्यात थांबा. तोंडातून शब्द नाही फुटला तरी चालेल.

खाली जा म्हणून मागे लागू नका. त्या पोरालाच एका संध्याकाळी वर बोलवा. घरात संत्रा बर्फी असली तर आणखी बरं.